रुमालाखालचं नाव

ज्या बैलावर आपला डोळा आहे त्याच्याकडे बाजारात पाठ करून उभं राहावं. हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, पुढं मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. चूक मास्तरांची होती. पण घाटंजीच्या बैलबाजारात मी उभी हयात दलाली केली. आमच्या तांड्यातले जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले, तेव्हा बैल ओळखणं माझ्या रक्तातच आहे. आता त्या बाजारात बैलांपेक्षा मोटारसायकली जास्त उभ्या असतात. म्हणून मी दुसरं काम धरलं. इंटरनेटवरची नावं विचारून देतो. कोणतं मोकळं, कोणतं बांधलेलं, कधीपासून, कधीपर्यंत.

हसू नका. तांडाही आधी हसला. आता त्याच लोकांची पोरं नाव विचारायला येतात आणि मी त्यांना मुद्दाम थोडं बसवून ठेवतो.

हे सगळं मीच लिहिलं आहे. काना-मात्रा सुनेनं नीट केल्या. पण जिथं माणसं बोलतात तिथं तिला हात लावू दिला नाही. माणसं जशी बोलली तशीच बोलतील.

सून म्हणजे सुनीता. दारव्ह्याकडची, कॉम्प्युटर शिकलेली. बाजाराच्या रस्त्यावर तिचं दुकान आहे. ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स, फोटो, आणि दुकानदारांना वेबसाइट करून देणं. मी रिकामा झालो तेव्हा दुकानात जाऊन बसायला लागलो. दिवसभर गिऱ्हाइकांना सल्ले द्यायचो. एक दिवस ती म्हणाली, "मामाजी, तुम्ही बसून बसून दमून राह्यले. एक काम देऊ का?" तिला मी गप्प बसायला हवा होतो, हे मला कळलं. पण काम कोण सोडते?

आधी नावाचं समजून घ्या. इंटरनेटवर दुकान मांडायचं तर त्याला नाव लागतं, आणि एका नावाचा जगात एकच धनी. घाटंजीत चार साईकृपा असू शकतात, तिथं एकच. धनी म्हटलं तरी ते मालकीचं नसतं. मक्त्याच्या वावरासारखं असतं. वर्षाचा मक्ता भरला तर तुमचं, नाही भरला तर काही दिवस वाट पाहतात, मग सोडून देतात, मग ज्याच्या हाती लागेल त्याचं.

कोणतं नाव कोणाच्या खुंट्याला आहे हे सांगणारी एक कंपनी आहे. कुठं आहे ते मला माहीत नाही, कधी दिसली नाही. तिच्या मशीनला आपण विनंती पाठवायची. विनंतीसोबत आपली चावी जाते, म्हणजे कोण विचारतं ते तिला कळतं. पलीकडून उत्तर येतं. सुनेनं माझ्यासाठी कॉम्प्युटरवर एक पान करून दिलं. एक चौकोन, त्यात नाव टाका, बटण दाबा. इंग्रजी अक्षरं मी म्हातारपणी शिकलो, एका बोटानं दाबतो, पण दाबलेलं चुकत नाही. चावी तिनं आतच बसवून ठेवली आहे, कारण मी ती कोणालातरी सांगेन अशी तिला भीती होती. भीती बरोबर होती.

उत्तरं तिनं मराठीत येतील असं केलं आहे. "बांधलेलं" आलं तर खाली जन्माची तारीख येते, मक्ता संपायची तारीख येते आणि कोणत्या दुकानातून घेतलं तेही येतं. "सापडत नाही" आलं तर सगळ्यात गोड. दुनियेत दुसरीकडं सापडत नाही म्हटलं की माणूस रडतो, आमच्या धंद्यात पेढे वाटतात, कारण सापडत नाही म्हणजे मोकळं. आणि मालकाच्या नावापुढं बहुतेक वेळा "झाकलेलं" येतं. हे वाचलं त्या दिवशी मला या कंपनीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. आमच्या बाजारात भाव कधी तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून सौदा करायचा. चारही बाजूंनी लोक उभे असतात, कोणाला काही कळत नाही. इथंही तेच. रुमाल कंपनीचा, एवढाच फरक.

तिसरं उत्तर मात्र मला अजून खपत नाही. "अति विनंत्या झाल्या. थांबा."

झालं असं की बाजारात बैलवाल्याला एकदाच विचारून कोणी निघून जात नाही. पहिलं उत्तर खोटं असतं. दुसरं थोडं कमी खोटं असतं. म्हणून मी प्रत्येक नाव तीनदा विचारायचो. शिवाय आपल्याला हवं ते नाव सरळ विचारायचंच नाही, आधी चार भलतीच विचारायची, मग जांभई देत देत खरं. सुनेला हे कळलं तेव्हा मशीननं "थांबा" म्हणून पाटी लावलेली होती.

"मामाजी, मशीन काही बैलवाला आहे का? थे एकदाच सांगते, खरं सांगते. तासाले ठरलेल्याच विनंत्या आहेत आपल्याले."

"अन् मी कायले हवं तेच नाव विचारू? आपण काय विचारून राह्यलो ते कंपनीले दिसते. चांगलं नाव दिसलं तर तेच घेऊन टाकतीन. मंग?"

"कंपनीले धंदे नाही का दुसरे?"

"दुसरे धंदे असते तर विचारणाऱ्याले थांबा म्हटलं असतं का?"

यावर ती झेरॉक्स काढायला उठली. ती म्हणते उत्तर होतं, पण गिऱ्हाईक उभं होतं.

एक मजेशीर गिऱ्हाईक सांगतो. मुलीचा बाप होता. पोरगा पाहून आला होता. पोराची नागपुराकडं कंपनी, वेबसाइटवर लिहिलेलं, पुष्कळ वर्षांचा अनुभव. बाप म्हणाला, "दादा, जरा पाहून द्या ना." मी नाव विचारलं. नावाचा जन्म त्याच वर्षीच्या पोळ्यानंतरचा. बैलाचं वय आम्ही दातांवरून सांगतो, दोन दात म्हणजे कोवळा, सगळे दात आले की जुळलेला. मी म्हणालो, "जुळलेला म्हणून सांगितला, पण दोन दातांचा आहे." बाप घाबरून घरी गेला आणि मुलीला सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात आली. म्हणाली, "आजोबा, वेबसाइट नवीन आहे. दुकान त्याच्या बापाचं आहे, मी तिथं जाऊन पाह्यलं. तुम्ही दात नावाचे पाह्यले, पोराचे नाही." लग्न झालं, मला पत्रिका आली, मी जेवून आलो. तेव्हापासून मी सगळ्यांना आधीच सांगतो, मशीन नावाचं वय सांगते, माणसाचं नाही. सांगायला पैसे लागत नाहीत, आणि शहाणपण माझंच वाटतं.

आता मुख्य गोष्ट.

बोरी अरबच्या सुमनबाई दुकानात आल्या. गावातल्या बायांचा त्यांचा गट आहे, तुरीची डाळ करतात. पोतंभर रिकाम्या पाकिटांमधून एक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. पाकिटावर ठळक अक्षरांत वेबसाइटचं नाव छापलेलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. गिऱ्हाइकाचं नाव फोडणं दलालाच्या धर्मात बसत नाही.

"काका, आमचं नाव मेलं," त्या म्हणाल्या.

"नाव मरत नाही बाई. सुटते. काय झालं?"

झालं ते नेहमीचंच होतं. गावातल्या एका हुशार पोरानं वेबसाइट करून दिली. नाव स्वतःच्याच खात्यावर घेतलं. मग तो नोकरीला पुण्याकडं गेला, फोन बदलला, मक्ता भरायची आठवण त्याच्या जुन्या खात्यावर जात राहिली. एक दिवस वेबसाइट बंद. मोठ्या गावांतले लोक त्या पत्त्यावरूनच डाळ मागवायचे. आता त्यांना कोरं पान दिसायचं.

सुनीता म्हणाली, "दुसरं नाव घेऊन टाका ना ताई. मिळतंजुळतं पाहून देतो."

"अन् लोकाईले कोण सांगन? पाकीट पाहून लोक त्याच पत्त्यावर येतीन, अन् तिथं दुसराच कोणी डाळ घेऊन बसला असन तर?" सुमनबाईंनी पाकीट उचलून माझ्यासमोर धरलं. "पोत्यात भरून विकली तर डाळ कोणाचीबी आहे, काका. या नावानं विकली तर आमची आहे. बाया घरी भांडून भांडून या कामाले येतात. नाव गेलं तर त्या परत दुसऱ्याच्या वावरात निंदाले जातीन."

मी नाव विचारलं. तीनदा. उत्तर आलं, बांधलेलं, पण सुटायच्या तयारीत. म्हणजे मक्ता संपला, वाट पाहणंही संपलं, आता कंपनी कासरा सोडणार. दिवस साधारण कळतो, घडी कळत नाही. सुटल्या सुटल्या जो पहिला हात घालेल त्याचं. हेही सांगून ठेवतो की विचारायचं ठिकाण वेगळं आणि घ्यायचं ठिकाण वेगळं. आधी इथं विचारायचं, मोकळं दिसलं की तिथं धावायचं.

"काम धरलं," मी म्हणालो. एका बैलाचा एकच दलाल.

त्यानंतर पुढच्याच बाजाराला ढाणकीचे शेठ आले. धान्याचे व्यापारी, पांढरा सदरा, तोंडात पान. खुर्ची ओढून बसले आणि भर दुकानात मोठ्यानं तेच नाव घेतलं. सुमनबाईंचं. "नायक, हे नाव पाहून द्या. डाळीत चालते हे नाव. बाया सोडून बसल्या म्हणते."

मी तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, नाही. पण शेठ मला नायक म्हणतात आणि मी दुरुस्त करत नाही.

विचारलं. "बांधलेलं आहे," मी म्हणालो. खरंच होतं. कधी सुटेल हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. दलाल खोटं बोलत नाही, विचारलं तेवढंच बोलतो. "पण शेठ, या नावाचं काम मी नाही करणार."

इथं चुकलो. दलाल जन्मात कधी काम नको म्हणतो का? शेठ पान चघळायचे थांबले. मी लंगड्या बैलाकडं पाहतो तसं माझ्याकडं पाहिलं. "अस्सं," म्हणाले आणि उठून गेले. मला कळलं की हा माणूस परत येणार, आणि आपल्यावर डोळा ठेवणार.

नाव सुटायचा दिवस नेमका बाजाराचाच निघाला. सुमनबाई सकाळच्या एसटीनं येऊन बाकावर बसल्या, मांडीवर पिशवी. सुनीता दुसऱ्या कॉम्प्युटरवर, जिथं नावं विकत मिळतात ते इंटरनेटवरचं दुकान उघडून बसली. मी माझ्या पानावर. आणि मी पहिलं बटण दाबणार एवढ्यात शेठ आत आले.

"बसतो जरासा, नायक. ऊन लय आहे."

हिवाळा होता.

ते बाकावर सुमनबाईंच्या शेजारीच बसले. एकमेकांना ते ओळखत नव्हते, पण त्या नावावर कोणीतरी टपलंय हे मी सुमनबाईंना सांगून ठेवलं होतं. शेठनं विचारलं, "काय काम काढलं, बाई?"

"जातीचा दाखला," सुमनबाई म्हणाल्या. पापणी हलली नाही. "चार खेपा झाल्या, भेटूनच नाही राह्यला."

"दाखल्याचं असंच असते," शेठ म्हणाले, आणि त्यांची नजर माझ्या पडद्यावर.

आता सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? सून म्हणते, गप्प बसून दर थोड्या वेळानं तेच एक नाव विचारायचं. पण मागं बघणारा माणूस बसलेला असताना खऱ्या बैलाकडं तोंड करून उभा राहीन तर मी कसला दलाल? मी भलती नावं विचारायला लागलो. तांड्याचं नाव. याडीचं, म्हणजे माझ्या आईचं. घाटंजीच्या चहावाल्याचं. मध्येच जांभई देऊन सुमनबाईंचं. बांधलेलं. पुन्हा भलती. मग मला रतन्या आठवला.

रतन्या माझा बैल. एवढे बैल हाताखालून गेले, पण हा एक मी कधी विकला नाही. दिलेलं ओझं कधी नाकारलं नाही त्यानं, आणि घरीच म्हातारा होऊन गेला. त्याचं नाव मी टाकलं. आणि काय झालं मला माहीत नाही, नाव पडद्यावर उमटलं तसा माझा हात आपोआप वर गेला आणि मी खांद्यावरचा दुपट्टा काढून पडद्यावर धरला. मागं शेठचं बाक करकरलं. मी दुपट्ट्याचा कोपरा थोडा खाली येऊ दिला. वारा होता, मी काय करणार?

रतन्या "सापडत नाही" निघाला. म्हणजे मोकळा. मी तो पुन्हा विचारला. पुन्हा दुपट्टा. अजून एकदा विचारला, उत्तर वाचून छातीवर हात ठेवला. एवढं मला जमतं. मग खूप उशीर झाल्यासारखं वाटलं म्हणून जांभई दिली आणि सुमनबाईंचं नाव टाकलं.

"अति विनंत्या झाल्या. थांबा."

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तासाभराच्या विनंत्या मी भलत्या नावांत आणि एका मेलेल्या बैलात घालवल्या होत्या. नाव आत्ता सुटलं असेल, सुटायचं असेल, काही कळायला मार्ग नाही. सुमनबाईंनी पाटी वाचली. त्या काही बोलू शकत नव्हत्या, कारण त्या दाखल्याला आल्या होत्या. त्यांनी पिशवी एवढी घट्ट आवळली की आतली पाकिटं कुरकुरली. सुनीता मान वळवून माझ्याकडं अशी पाहू लागली की तिच्या सासूची आठवण झाली.

बाजारात अशा वेळी रुमाल टाकून बोटं दाबतात आणि काम होतं. पण सुनेचा हात धरणं रीतीत बसत नाही, सुमनबाईंचा तर नाहीच. बोट दाबायला दुकानात एकच पुरुष होता, आणि तो शेठ.

तेव्हा मला बाजारातला शेवटचा नियम आठवला. भाव फुटला, लोक गोळा झाले, विचारायला तोंड राहिलं नाही, तर विचारायचंच नाही. सरळ जाऊन दावं हातात घ्यायचं. नसेल विकायचा तर मालक हात झटकेल. त्याहून काय होणार?

"सूनबाई," मी मोठ्यानं म्हणालो, "विचारणं बंद झालं. आता न विचारता दावं धर."

तिनं एकदा शेठकडं पाहिलं. मग समजली. तिची बोटं चालायला लागली.

आणि शेठ उठले. "एक फोन करून येतो," म्हणत ते असे बाहेर पडले की एक चप्पल दारातच राहिली. बाहेरून त्यांचा आवाज आला, पुतण्याशी बोलत होते, "अबे थे डाळीचं सोड! रतन्या घे, रतन्या! हाव, तसंच लिही! आत्ताच्या आत्ता! म्हातारा घेऊन राह्यला थे नाव!"

इकडं सुनीतानं पहिल्यांदा हात घातला, दुकानानं झटकला. नाव अजून मोकळं नाही. सुमनबाई आता तिच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या. पुन्हा हात घातला, पुन्हा झटकला. "अजून एकदा कर, बाई," सुमनबाई कुजबुजल्या. "आमच्याकडं गाय लाथा मारते, तरी धार काढाच लागते." सुनीता करत राहिली. मी बसून होतो. ज्यानं जन्मभर विचारलं त्याला न विचारता बसणं किती जड जातं, हे त्या दिवशी कळलं.

मग एकाएकी दुकानानं झटकलं नाही. पैसे विचारले. सुमनबाईंच्या मोबाईलवर आकडा आला, चष्मा नव्हता म्हणून त्यांनी मोबाईल सुनीतासमोर धरला. सुनीतानं टाकला. आणि नाव गटाच्या खात्यावर बांधलं गेलं.

सुमनबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि बाकावर जाऊन जशा होत्या तशा बसल्या, कारण शेठ परत येत होते. एका पायात चप्पल, चेहरा दिवाळीसारखा.

"नायक! वाईट नका वाटून घेऊ. रतन्या आपल्या खुंट्याले बांधला."

"बांधला?"

"बांधला! तुमच्या सुनेच्या आधी. बाजार आहे, नायक, जो पहिला त्याचा." मग खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "आता तर सांगा. रतन्या म्हणजे काय? कोण्या कंपनीले पाह्यजे होतं?"

विचारलं ते सांगणं माझा धर्म. "शेठ, माझा बैल होता. पांढरा, शिंगं मागं गेलेली. मेला."

शेठ माझ्या मांडीवर थाप मारून हसले. "बैल! लय पोचलेले आहात नायक. नका सांगू, मी काढतो शोधून." उरलेली चप्पल घालून ते गेले. सुमनबाईंनी तेव्हा कुठं तोंडात पदर कोंबला.

"काका," हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या विनंत्या आमच्या कामाच्या नव्हत्या. तुमचा बैल कामाचा होता."

मी यावर वाद घातला नाही. घालणार होतो, पण त्यांची एसटी होती.

डाळ आता त्याच नावानं जाते. मक्ता संपायची आठवण तीन बायांच्या मोबाईलवर येते, एकीवर भरवसा नको म्हणून. ही युक्ती त्यांची, माझी नाही.

आणि मी रोज सकाळी दुकान उघडलं की पहिली विनंती रतन्याची पाठवतो. सून म्हणते, एक विनंती वाया जाते. उत्तर रोज तेच येतं. बांधलेला. मालक झाकलेला. एवढ्या नावांत हे एकच आहे जिथं रुमालाखालचा हात कोणाचा ते मला माहीत आहे. तिथं शेठनं अजून काही मांडलेलं नाही. कंपनी शोधत असतील. पण मोठ्या कंपनीला कधीतरी लागेल या आशेवर ते मक्ता मात्र वेळेवर भरतात, दोनदा भरला, तारीख मी पाहिली.

मागं सुनीता म्हणाली, "मामाजी, कधी सुटला तर आपण घेऊन टाकू का रतन्याले? आपलाच तर आहे."

मी म्हणालो, "कायले? माझ्याकडं होता तोवर त्यानं वखर ओढला, गाडी ओढली, लोकांच्या पोरींच्या वराती ओढल्या. आता ढाणकीले रिकामा उभा आहे, पाठीवर काही नाही. अन् चारा शेठ टाकून राह्यले. राहू दे तिथंच."